आपली वसाहत, आपली नगरपालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात आज पाच महानगरपालिका आहेत: छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ मध्ये झालेली जालना. बीड, धाराशिव, हिंगोली आणि तालुक्याच्या गावांत नगरपरिषदा किंवा नगरपंचायती आहेत. रस्ता, नाली, दिवे, पाणी, कचरा, झाडं यांसाठी या सगळ्यांकडे योजना असतात आणि निधीही येतो. तो आपल्या गल्लीपर्यंत पोचतो की नाही, हे बरंचसं रहिवाशांनी मागणी कशी आणि कधी केली यावर ठरतं.

वस्तीच्या कामासाठी आधी कुणाला भेटायचं?

प्रभाग कार्यालयातल्या शाखा अभियंत्याला. काही शहरांत याच कार्यालयाला झोन किंवा वॉर्ड ऑफिस म्हणतात. नगरसेवकाला जरूर भेटा, पण कामाचं अंदाजपत्रक तयार करणारा माणूस शाखा अभियंता असतो. त्याने जागा पाहून मोजमाप घेतल्याशिवाय पुढचा कागद हलत नाही. कचरा, नालेसफाई, डास यांसाठी स्वच्छता निरीक्षक. पाण्यासाठी पाणीपुरवठा विभागाचा अभियंता किंवा तुमच्या भागाचा लाइनमन. लाइनमनला कमी लेखू नका. कोणता व्हॉल्व्ह कुठे गाडला गेलाय हे नकाशापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

महापालिकेचा प्रमुख अधिकारी आयुक्त, नगरपरिषदेचा मुख्याधिकारी. अर्ज त्यांच्या नावे लिहा, पण प्रत प्रभाग कार्यालयात द्या.

पैसा येतो कुठून? "निधी नाही" म्हणतात तेव्हा काय समजायचं?

बहुतेक वेळा त्याचा अर्थ "या लेखाशीर्षात (खर्चाच्या या खात्यात) निधी नाही" असा असतो. म्हणून आपलं काम कोणत्या शीर्षात बसतं हे आधी विचारा.

पालिकेचा स्वनिधी म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, विकास शुल्क. त्यातून छोटी कामं आणि दुरुस्त्या होतात. वित्त आयोगाच्या अनुदानाचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित असतो. त्या भागातून सभागृह मागितलं तर नकारच येणार, जलवाहिनी मागितली तर विचार होईल. मागासवर्गीय वस्त्यांसाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा योजना आहे आणि तिच्या जोडीला दलितेतर वस्ती सुधारणा योजना आहे. या दोन्ही जिल्हा स्तरावरून मंजूर होतात, त्यामुळे पालिकेने प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठवला का, हे तपासावं लागतं. मोठे रस्ते आणि नाले नगरोत्थान महाभियानातून, शहराच्या पाणी आणि मलनिस्सारण योजना केंद्राच्या अमृत योजनेतून, कचऱ्याची कामं स्वच्छ भारत मिशनमधून होतात. झाडं, जलसंधारण, हवा, ऊर्जा यांसाठी राज्याचं माझी वसुंधरा अभियान २०२० पासून चालू आहे. त्यात शहरांना गुण मिळतात, म्हणून हरित कामाच्या मागणीत या अभियानाचा उल्लेख करणं उपयोगी पडतं.

याशिवाय पालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात महिला व बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी ५ टक्के राखीव असतात. दवाखान्याच्या पायऱ्यांना रॅम्प किंवा बाजारात महिलांसाठी स्वच्छतागृह मागताना या तरतुदीचा हवाला द्या.

आमची वसाहत गुंठेवारीची आहे. आम्हाला काही मिळतं का?

गुंठेवारी म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून, मंजुरीशिवाय विकलेले प्लॉट. छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न खूप घरांना लागू होतो. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्याच्या कक्षेत आली. नियमितीकरण अर्ज प्रत्येक मालकाचा वेगळा असतो, पण फाइली एकेक करून दिल्या तर वसाहतीचा नकाशा कधीच पूर्ण होत नाही. गल्लीतल्या १५-२० घरांनी एकच परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता धरून एकत्र मोजणी करून घ्यावी. खर्च वाटला जातो आणि रस्त्याची रुंदी सगळ्यांच्या कागदावर एकच दिसते. इथेच घोळ होतो. एकाच्या नकाशात रस्ता ६ मीटर, समोरच्याच्या नकाशात साडेचार. मग दोन्ही फाइली अडकतात आणि पुढे ड्रेनेज लाइन कुठून न्यायची यावरून भांडण लागतं.

आरक्षणाच्या, हरित पट्ट्याच्या किंवा नाल्याच्या पात्रातल्या जागेवरचं घर नियमित होत नाही. प्लॉट घेण्याआधी नगररचना विभागातून झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी आहे हे सांगणारा) काढा. नोटरी करून घेतलेला बॉण्ड हे जागा नियमित असल्याचं प्रमाण नाही.

अर्जात काय लिहायचं?

"आमच्या भागात सुविधा नाहीत, तरी कृपया लक्ष द्यावे" या वाक्यावर कुठलाही अभियंता अंदाजपत्रक करू शकत नाही. मोजून लिहा. उदाहरणार्थ: "अमुक यांच्या घरापासून मारुती मंदिरापर्यंत १२० मीटर लांब, ४ मीटर रुंद रस्ता कच्चा आहे. दोन्ही बाजूंनी नाली नाही. ३८ घरं, त्यांपैकी ३१ जणांचा मालमत्ता कर भरलेला. ड्रेनेज लाइन टाकलेली आहे, जलवाहिनी नाही." मोजपट्टी नसेल तर ३० मीटरची टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते, दोघांना अर्ध्या तासाचं काम आहे.

सोबत हाताने काढलेला नकाशा, तारीख दिसेल असे चार-पाच फोटो, घरमालकांच्या सह्या आणि मालमत्ता क्रमांक जोडा. दिव्याची तक्रार असेल तर खांब क्रमांक लिहा. एका अर्जात एकच काम ठेवा. रस्ता, कुत्रे आणि पाणी एकाच कागदावर आलं की तो तीन विभागांत फिरत राहतो.

आवक-जावक कक्षात अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ही पोच जपून ठेवा, पुढचं सगळं तिच्या आधारावर चालतं.

अर्ज कधी द्यावा?

दिवाळी झाली की लगेच. पालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाच्या कामांची जमवाजमव हिवाळ्यात होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पालिकेचं वार्षिक अंदाजपत्रक ठरतं. मे महिन्यात दिलेल्या अर्जाला "पुढच्या वर्षी बघू" हेच उत्तर मिळतं. नाल्यांच्या सफाईची मागणी मात्र मार्चमध्येच करा, म्हणजे मृगाच्या आधी काम होईल.

त्यासाठी संस्था नोंदवावी लागते का?

मागणीसाठी नाही. सह्यांचा अर्ज पुरतो. वर्गणी गोळा करायची, बँक खातं काढायचं किंवा बाग चालवायला घ्यायची असेल तर नोंदणी हवी. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान ७ सभासद लागतात आणि कागद जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जातात. नोंदणीनंतर दरवर्षी हिशोब आणि सभासद बदलांची नोंद देत राहावी लागते. हे न केल्यामुळे अनेक समित्या कागदावरच मरतात. कोणी तरी हिशोब नेटाने ठेवेल याची खात्री नसेल तर सुरुवातीला नोंदणी करू नका.

रस्ता मंजूर झाला. आता आम्ही काय पाहायचं?

लोक आंदोलन करून रस्ता आणतात आणि काम चालू असताना घरात बसतात. त्यामुळे याचं उत्तर सविस्तर देतो.

काम सुरू होण्याआधी कार्यारंभ आदेश आणि अंदाजपत्रकाची प्रत मागा. त्यात लांबी, रुंदी, थरांची जाडी, काँक्रीटची प्रत आणि दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. या कालावधीत रस्ता फुटला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

पहिलं बघायचं ते जमिनीखालचं. जलवाहिनी, घरोघरचे नळजोड, ड्रेनेजचे चेंबर आधी होऊ द्या. नसतील तर किमान रस्त्याखालून आडवे पाइप टाकून ठेवायला सांगा. नाही तर सहा महिन्यांत नवा रस्ता खोदला जातो.

दुसरं, काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर दुसऱ्या उन्हाळ्यात तडे जातात. ती काढून तिथे मुरुम भरून, पाणी मारून, रोलरने दाबून घ्यावा लागतो. काढायची खोली अंदाजपत्रकात असते, खणलेल्या जागी टेप लावून बघा.

तिसरं, उंची. जुन्या रस्त्यावर नवा थर चढवत गेलं की घरं खड्ड्यात जातात आणि पहिल्याच पावसात पाणी उंबऱ्यातून आत येतं. जुना थर खणून काढण्याची मागणी अर्जातच लिहा. काम सुरू झाल्यावर ती कोणी ऐकत नाही.

चौथं, माल. १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड रस्त्याला ६० घनमीटर काँक्रीट लागतं. एका मिक्सर गाडीत ६ घनमीटर आलं तर १० गाड्या व्हायला हव्यात. सात गाड्यांत रस्ता संपला तर जाडी कुठे तरी खाल्ली आहे. गाडी मोजायला अभियंता असावं लागत नाही, ओट्यावर बसलेल्या आजीही मोजू शकतात. गाडीतला माल पसरायला सोपा जावा म्हणून त्यात वरून पाणी ओततात, ते थांबवा. त्याने काँक्रीटची ताकद कमी होते.

पाचवं, सांधे. ओतल्यानंतर साधारण २४ तासांच्या आत कटर मशीनने दर ४ ते साडेचार मीटरवर आडवे सांधे पाडले पाहिजेत. उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच वेडंवाकडं तडकतं.

आणि शेवटचं, पाणी. किमान १४ दिवस रस्ता ओला राहिला पाहिजे. आळी करून पाणी साठवावं किंवा गोणपाट अंथरून ते भिजतं ठेवावं. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसातून दोनदा पाइप फिरवून भागत नाही, गोणपाट दुपारपर्यंत कोरडं पडतं. टँकर येत नसेल तर गल्लीने आपसांत पाळी लावावी. हे १४ दिवस चुकले की पृष्ठभाग पावडरसारखा सुटू लागतो आणि वर्षभरात खडी दिसते.

काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे ओतून ७ आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून तपासतात. त्याचा अहवाल मागायचा हक्क तुम्हाला आहे.

गल्ली अरुंद आणि जलवाहिनीचं काम अजून बाकी असेल तर पेव्हर ब्लॉक बरा. तो काढून पुन्हा बसवता येतो. मात्र गाड्या जाणार असतील तर ८० मिलिमीटर जाडीचा घ्या. ६० चा पादचारी मार्गासाठी असतो.

नाली साफ करतात, पण दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तुंबते. का?

कारण काढलेला गाळ काठावरच ठेवतात आणि पहिल्या सरीबरोबर तो परत आत जातो. ओला गाळ उचलता येत नाही हे खरं, पण एक-दोन दिवस निथळल्यावर तो हलवलाच पाहिजे. तक्रारीत "गाळ उचलला नाही" असं स्पष्ट लिहा. दुसरं कारण उतार. नाली बांधून झाल्यावर वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता आणि चालत चालत बघा. जिथे पाणी थांबेल तिथे उतार चुकलाय. ठेकेदाराचं अंतिम देयक निघण्याआधी हे केलं तर दुरुस्ती होते.

ओपन स्पेसवर कचरा आणि अतिक्रमण आहे. ती जागा बाग म्हणून मिळेल का?

मोठ्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) १० टक्के जागा खुली सोडावी लागते. आधी नगररचना विभागातून मंजूर अभिन्यासाची प्रत काढा आणि जागा पालिकेच्या नावे हस्तांतरित झाली आहे का ते पाहा. कागदावर मालकी अजून विकासकाची किंवा मूळ शेतमालकाची असेल तर पालिका तिथे एक वीटही लावू शकत नाही. बहुतेक बागा इथेच अडतात. हस्तांतरण झालं असेल तर कुंपण, पाणी, मग झाडं, मग बाकडी, या क्रमाने मागणी करा. खेळणी शेवटी. कुंपणाआधी बसवलेली खेळणी टिकत नाहीत.

झाडं लावतो, पण जगत नाहीत.

काळ्या मातीत खड्ड्यात पाणी साचून मुळं कुजतात आणि उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी होते. खड्डा २ फूट लांब, रुंद आणि खोल घ्या. तो मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या आणि भरताना मातीत शेणखत आणि थोडा मुरुम मिसळा. कडुनिंब, करंज, बहावा, कांचन, आपटा ही इथल्या हवेला टिकणारी. वड-पिंपळ सुंदर, पण भिंतीपासून आणि ड्रेनेजपासून लांब लावा. रोप हातभर नको, पाच-सहा फुटांचं घ्या, शेळ्यांच्या तोंडापासून वाचतं.

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा १०-१५ लिटर पाणी. एका घराने एक झाड घेतलं तर हे जमतं. सगळ्यांनी सगळी झाडं घेतली तर कोणीच पाणी घालत नाही. पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्याभोवती किमान १ मीटर चौरस जागा उघडी ठेवायला सांगा.

शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कायदा १९७५ चा आहे. आपल्या अंगणातल्या झाडालाही तो लागू आहे.

पाण्यासाठी वस्ती पातळीवर काय करता येईल?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेत ५ लाख लिटर आलं. १,००० चौरस फुटांच्या छतावर मराठवाड्यातल्या ७०० मिलिमीटर पावसात गळती-बाष्पीभवन वजा जाता साधारण ५२,००० लिटर पाणी पडतं. म्हणजे दहा छतांवर वर्षभरात त्या पहिल्या गाडीएवढं पाणी येतं.

ते बोअरमध्ये सोडण्याआधी बोअर पाणी घेतो का ते तपासा. १,००० लिटर पाणी पाइपने सोडा आणि किती वेळात मुरतं ते पाहा. आपला भाग काळ्या पाषाणाचा, पाणी फक्त भेगांत आणि वरच्या मुरुमात साठतं. भेगा न लागलेला कोरडा बोअर पुनर्भरणालाही कोरडाच. पाणी घेत असेल तर छताचा पाइप गाळणीतून न्या: तळाशी मोठी खडी, वर बारीक खडी, त्यावर वाळू. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला व्हॉल्व्ह हवाच, त्यात पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ असते. रस्त्याचं किंवा अंगणाचं पाणी थेट बोअरमध्ये कधीही सोडू नका. एकाच्या चुकीने सगळ्या गल्लीचे बोअर बिघडतात. काही पालिका जलपुनर्भरणाला मालमत्ता करात सूट देतात, कर विभागात विचारा.

नळाला गढूळ पाणी येतं.

स्वच्छता निरीक्षकाकडून किंवा पाणीपुरवठा विभागाकडून ओटी टेस्ट करून घ्या. नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे. नळाशी ते किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं. ही चाचणी गल्लीच्या शेवटच्या घरात करा, पहिल्या घरात ती नेहमी चांगलीच येते. रंग न येणं म्हणजे बहुधा नालीतून गेलेला नळजोड गळतोय. आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरांत रिकाम्या पाइपमध्ये बाहेरचं घाण पाणी शोषलं जातं, म्हणून पहिली १० मिनिटं पाणी भरू नका. पाइपला थेट मोटर लावल्यानेही हेच होतं.

कचरा गल्लीतच जिरवता येतो का?

ओला कचरा जिरवता येतो. चार माणसांच्या घरातून दिवसाला साधारण अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. एक बादली ओल्या कचऱ्याला दोन बादल्या सुका पालापाचोळा, असं थरावर थर. मूठभर घेऊन पिळल्यावर एखादा थेंब आला तर ओल बरोबर आहे. वास सुटला तर पाचोळा कमी पडलाय, मुंग्या झाल्या तर पाणी कमी पडलंय. आठवड्यातून एकदा उलथापालथ केली तर दीड-दोन महिन्यांत खत होतं. म्हणून पानगळीतला पाचोळा जाळू नका, पोत्यांत भरून ठेवा. पावसाळ्यात तोच पुरतो.

सुका, सॅनिटरी आणि घातक कचरा घंटागाडीत वेगवेगळा द्या. गाडीवाला सगळं एकत्र करत असेल तर गाडी क्रमांक आणि वेळ लिहून निरीक्षकाला कळवा.

महिलांसाठी काय आहे?

शहरी बचत गट १० ते २० जणींचा. आठवडी बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट हिशोब ही पंचसूत्री बँक पाहते. पालिकेच्या शहर अभियान कक्षात चौकशी करा. आरोग्यासाठी महिला आरोग्य समिती असते. ५० ते १०० घरांमागे एक, वर्षाला ५,००० रुपयांचा अबंधित निधी. ती आहे का, हे आशाताईंना विचारा.

हातगाडीवाले गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात. त्यांना हटवायचं का?

२०१४ च्या कायद्यानुसार शहर फेरीवाला समिती जागा ठरवते. तिच्यात ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असतात. वस्तीने त्या समितीला वेळ आणि जागा सुचवावी. भाजीवाल्याला केंद्राच्या पीएम स्वनिधी योजनेतून १५,००० रुपयांपासून कर्ज मिळतं, त्यासाठी सर्वेक्षणात नाव किंवा शिफारसपत्र हवं. अर्ज भरायला त्याला मदत केलीत तर तो ठरलेल्या जागी उभा राहायलाही तयार होतो.

अर्ज देऊन दोन महिने झाले, उत्तर नाही.

आधी पोच घेऊन प्रभाग कार्यालयात जा. नंतर लोकशाही दिन. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज १५ दिवस आधी दोन प्रतींत द्यायचा. न्यायालयात असलेली प्रकरणं तिथे घेत नाहीत. आणखी एक सोय फार कमी जणांना माहीत आहे: दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत पालिकेतले अभिलेख नागरिकांना पाहता येतात.

त्यानंतर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. "काम का झालं नाही?" असं विचारू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. कागद मागा: अर्जावरील टिपणी, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, चाचणी अहवाल. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, स्टँप २० रुपयांचा. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे.

लोक बैठकीला येतच नाहीत.

बैठक रात्री साडेआठनंतर, जेवणं झाल्यावर, मंदिराच्या किंवा मशिदीच्या ओट्यावर किंवा शाळेच्या पटांगणात ठेवा. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला सगळे आलेले असतात, तिथेच दहा मिनिटं घ्या. भाडेकरूंनाही बोलवा, पाणी त्यांनाही लागतं. एका बैठकीत एकच काम ठरवा आणि ते कोण, कधीपर्यंत करणार हे वहीत लिहा. सुरुवात बंद दिव्यांपासून करा: खांब क्रमांकांची यादी एका संध्याकाळी होते आणि दिवे लागले की पुढच्या बैठकीला माणसं वाढतात.